दोन तारखांच्या मधले वीस दिवस



जिल्हा बैठकीच्या अंकात कापसाचा भाव, पीकविमा, वीज यांवर वाचायची तुम्हाला सवय आहे. आजचा विषय वेगळा आहे, पण तो बैठकीतूनच आलेला आहे. गेल्या काही बैठकांत आम्ही एक गोष्ट पाहतो. सभा संपते, सतरंज्या गुंडाळल्या जातात, आणि एखादा कार्यकर्ता आम्हाला बाजूला घेऊन आवाज खाली करतो. "साहेब, तुमचं गाव मुंबईकडे ना? टाटाला कुणी ओळखीचं आहे का?" कॅन्सर हा शब्द तो उच्चारत नाही. गाठ निघाली म्हणतो, तुकडा तपासायला पाठवला म्हणतो, "तो आजार" म्हणतो.

टाटाला ओळख लागत नाही, नंबर लागतो, आणि नंबर सगळ्यांना मिळतो. आम्ही एवढे सांगतो आणि तो समाधानाने जातो. पण आम्हाला ठाऊक असते की त्याचा खरा प्रश्न अजून सुरूच झालेला नाही. दवाखाना सापडणे हा या आजारातला सोपा भाग आहे. औषध घेऊन गावी परत आल्यावर पुढच्या तारखेपर्यंत घरात काय करायचे, हे सांगणारा कुणी भेटत नाही. आमच्या घरात दोन माणसांना हा आजार झाला. त्यातून जे उशिरा कळले तेवढेच इथे मांडतो.

आमचे गाव रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला, पोलादपूर तालुक्यात. तिथे कपाशी नाही, ज्वारी नाही. भात, नाचणी, वरी, आणि पाऊस एवढा की तुमच्याकडचा माणूस दोन दिवसांत कंटाळून परत जाईल. पण कपाशीशी आमचा संबंध जुना आहे. तुमचा कापूस मुंबईला गेला तेव्हा गिरणीत तो कातायला-विणायला जे हात होते, त्यांत महाड-पोलादपूरचे पुष्कळ होते. परळ, लालबागला आमच्या गावकीच्या खोल्या होत्या. एका खोलीत वीस-वीस माणसे पाळीपाळीने झोपत. त्याच परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. त्यामुळे आमच्याकडच्या आजाऱ्याला निदान पाठ टेकायला जागा असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, पुढे चाळींच्या जागी टोलेजंग इमारती आल्या, आणि बहुतेक खोल्या गेल्या. आता आमचा पोलादपूरचा माणूसही तुमच्यासारखाच दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का बघतो. बाबा तुमच्या अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे.

पहिला आजारी आमचे थोरले चुलते. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. गिरणीत होते, संपानंतर गावी आले. तंबाखू-चुना आयुष्यभर. २००९ साली गालाच्या आत जखम झाली, ती भरेना. तपासणी झाली, ऑपरेशन झाले, शेक दिले. आबांना शेवटपर्यंत कुणी सांगितले नाही की हा कॅन्सर आहे. आम्ही कृषी पदवीधर, घरातले शिकलेले, म्हणून निर्णय आमच्याकडे आला आणि तो आम्हीच घेतला. सांगितले तर धीर सोडतील, असे सगळे म्हणाले आणि आम्हालाही पटले.

परिणाम काय झाला? शेक झाल्यावर जबड्याचा व्यायाम सांगितला होता. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, सोसेल तशी एकेक वाढवायची, दिवसातून अनेक वेळा. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी बसतात. ऑपरेशन आणि शेक झाल्यावर जबडा आखडत जातो आणि व्यायाम नसेल तर तोंड मिटत येते. आबा म्हणत, "जखम भरली, आता काड्या कशाला चावायच्या?" त्यांचे काय चुकले? ज्याला आजाराचे नाव माहीत नाही, तो दुखणारा व्यायाम कशासाठी करील? वर्षभरात त्यांच्या तोंडात एक बोट जेमतेम जात होते. भाकरी सुटली, मग भातही सुटला. पेजेवर राहिले.

आणि आपल्याला काय झाले आहे हे त्यांना ठाऊक होते. गिरणीतली माणसे परळच्या त्या रस्त्याने रोज जात-येत. ते आम्हाला सांभाळत होते आणि आम्ही त्यांना. शेतीचा वाटा कुणाला किती द्यायचा, धाकट्या मुलीचे लग्न लवकर करायचे का, हे सगळे त्यांच्या मनात असणार. बोलायला वाव आम्हीच ठेवला नव्हता.

दुसरी आजारी आमची वहिनी. २०२१ साली तिच्या डाव्या छातीत गाठ निघाली. दादाने पुन्हा तेच सुरू केले, साधी गाठ आहे म्हणून सांगू. वहिनी चौथी शिकलेली. चुलीपुढे बसून तिने सरळ विचारले, "भाऊजी, आबांचं झालं तसं माझं करू नका. जे आहे ते सांगा." आम्ही सांगितले. ती रडली, दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारले की लावणी कोण करणार आणि औषधाच्या तारखा कधी कधी आहेत.

काहींना खरोखर सगळे ऐकायचे नसते, हेही आम्ही पाहिले आहे. किती सांगायचे ते आजाऱ्यालाच विचारावे. पण विचारायचे त्याला. त्याच्या मुलाला, भावाला किंवा गावातल्या शिकलेल्या माणसाला विचारून ठरवायचे नाही.

आता हिशेब बघा. वहिनीचे केमोचे औषध दर २१ दिवसांनी एकदा. एक दिवस दवाखान्यात, वीस दिवस घरी. सहा वेळा औषध म्हणजे सहा दिवस डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे आणि एकशेवीस दिवस आपल्या ओसरीवर. हे वीस दिवस कोण चालवते? डॉक्टर पावणेदोनशे-दोनशे कि.मी. दूर. तुमच्यासाठी तर नागपूरचे तुकडोजी रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय किंवा छत्रपती संभाजीनगरचे सरकारी कॅन्सर रुग्णालय, जे जवळ असेल ते. तेही अनेकांना दिवसभराच्या प्रवासाचेच. वीस दिवसांचा कारभार आजारी माणसाचा आणि घरच्यांचा असतो. तो कसा करायचा हे त्यांना शिकवले पाहिजे, आणि नेमके तेच शिकवले जात नाही. वहिनीला जो कागद मिळाला तो इंग्रजीत होता. आम्हाला वाचता आला. शेजारच्या घरी असता तर?

आणि वाचता येऊनही आम्ही चुकलो. कागदावर लिहिले होते की ताप आला तर ताबडतोब दवाखाना गाठा. नवव्या दिवशी रात्री वहिनीला थंडी वाजली. पावसाचे दिवस. भिजली असेल म्हणून आम्ही घरातली तापाची गोळी दिली. घाम आला, ताप उतरला, आम्ही निर्धास्त झोपलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला उठता येईना. महाडला नेले, पाच दिवस सलाईनवर ठेवावे लागले. डॉक्टरांनी विचारले, ताप किती होता? घरात थर्मामीटर नव्हता. ज्या माणसाने शेतकऱ्यांना सापळ्यातले पतंग मोजायला शिकवले, त्याच्या घरात दीड-दोनशे रुपयांचा थर्मामीटर नव्हता.

म्हणून हे नीट वाचा, घरी मोठ्याने वाचून दाखवा. केमोच्या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. साधारणपणे औषधानंतर सात ते चौदा दिवसांच्या मध्ये त्या सर्वांत खाली असतात. अशा वेळी साधा जंतूही अंगात पसरतो आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. ताप हीच त्याची पहिली आणि कधी कधी एकमेव खूण. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियस किंवा त्यावर पारा गेला, तर गोळी देऊन सकाळची वाट पाहायची नाही. गोळीने पारा उतरतो, जंतू मरत नाहीत. रात्र असो, पाऊस असो, जवळच्या मोठ्या रुग्णालयात जायचे, "केमो चालू आहे" हे पहिले वाक्य बोलायचे आणि फाईल पुढे करायची. थंडी वाजून आली आणि ताप मोजता आला नाही, तरीही जायचेच.

फाईल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावी आणि प्रत्येक कागदाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलवर असावा. जुलै २०२१ च्या पुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली, त्यात औषधाची दुकानेही गेली. तेव्हापासून वहिनी रोजच्या गोळ्या आठ दिवसांच्या जादा ठेवते. तुमच्याकडे पूर येत नसेल, पण एस.टी. बंद पडते, पोळा येतो, दुकान बंद असते.

त्या पाच दिवसांनंतर वहिनीने वही घातली. मुलाची अर्धी कोरी राहिलेली वही. सकाळ-संध्याकाळ ताप. दुखणे किती, शून्य ते दहा. शौचाला झाले की नाही. झोप. उलटी. जेवणाचा हिशेब ती भाकरीत करते: अर्धी, पाऊण, नाही. पुढच्या तारखेला तिने वही डॉक्टरांपुढे ठेवली. आधी डॉक्टर विचारायचे, कसे आहे? ती म्हणायची, बरे आहे. आपली माणसे दवाखान्यात बरे आहे एवढेच म्हणतात. आता वही बोलली की औषधानंतर चार दिवस अन्न पोटात ठरत नाही, आणि उलटीची गोळी तिथल्या तिथे बदलून मिळाली.

कुणी म्हणेल, वहीने का कॅन्सर बरा होतो? २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयातील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डॉ. एथन बॅश आणि सहकाऱ्यांनी पसरलेल्या कॅन्सरचे ७६६ रोगी घेतले. काहींना नेहमीसारखेच उपचार. बाकीच्यांनी त्याशिवाय १२ नेहमीचे त्रास स्वतः नोंदवायचे, आणि त्रास वाढला की परिचारिकेला कळायचे. स्वतः नोंद करणारे मध्यमानाने ३१ महिने जगले, दुसरे २६ महिने. पाच महिन्यांचा फरक. पसरलेल्या कॅन्सरवर पाच महिने वाढवणारे औषध निघाले तर त्याची किंमत ऐकून आपण खाली बसू.

तुम्हाला यात नवल वाटायला नको. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळा लावतो, सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग दिसले की फवारणीचा विचार करतो. रोज मोजणाऱ्याला अळी वेळेवर कळते, न मोजणाऱ्याला बोंड फोडल्यावर. मोजणारा हुशार असावा लागत नाही, रोजचा असावा लागतो.

दुखण्याबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण आबांचे शेवटचे तीन महिने अजून आमच्या कानांत आहेत. त्यांना रात्र-रात्र झोप नव्हती. मॉर्फीनबद्दल आम्ही जवळच्या एका दवाखान्यात विचारले, तर उत्तर मिळाले, "सवय लागेल." ज्याच्या हातात तीन महिने आहेत त्याला सवय लागेल! आम्ही मान डोलावून परत आलो, याची लाज अजून वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच सांगून ठेवले होते की कॅन्सरचे दुखणे पायरीपायरीने औषध वाढवून थांबवता येते, आणि वरच्या पायरीवर मॉर्फीन आहे. आणि मॉर्फीन येते कुठून? अफूपासून. ती अफू आपल्याच देशात, मंदसौर, नीमच, चित्तौडगडकडचे शेतकरी सरकारी परवान्यावर पिकवतात. शेतकऱ्याने पिकवलेल्या मालाची गोळी शेतकऱ्याच्याच बापाला मिळत नव्हती, कारण १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने इतके परवाने मागितले की रुग्णालये ती ठेवीनाशीच झाली. २०१४ मध्ये कायदा सुधारला, मान्यताप्राप्त संस्थांना परवानगी सोपी झाली. तरी भीती डॉक्टरांच्या आणि आपल्याही मनातून गेलेली नाही.

तेव्हा दुखत असेल तर ज्या कॅन्सर रुग्णालयात उपचार चालू आहेत तिथे पॅलिएटिव्ह विभाग विचारावा. तिथे जाणे म्हणजे आशा सोडणे नव्हे. उपचार चालू असतानाही तिथे जाता येते. मॉर्फीनची गोळी दुखायला लागल्यावर घ्यायची नसते, घड्याळ बघून घ्यायची असते, डॉक्टर सांगतील तितक्या तासांनी. पहिले काही दिवस गुंगी आणि मळमळ असते, ती बहुधा कमी होते. शौचास मात्र घट्ट होते आणि ते आपोआप सुटत नाही, म्हणून जुलाबाचे औषध सोबतच मागून घ्यावे. गोळी मनाने एकदम बंद करू नये, आणि घरात इतर कुणाच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

खाण्याचे सल्ले गावात फुकट मिळतात. दूध बंद करा, साखर बंद करा, गाठ वाढेल. वहिनीला एकाने तर निव्वळ पाल्याच्या रसावर राहायला सांगितले. आजारापेक्षा उपासाने माणूस लवकर खंगतो आणि खंगला की पुढचे औषध लांबते. तोंड आले असेल तर तिखट बंद, कोमट पाण्यात मीठ आणि खाण्याचा सोडा चिमूटभर टाकून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या. ज्वारीच्या कण्या, आंबील, मऊ भात, वरण, दाण्याचा कूट, अंडे खात असाल तर अंडे. थोडे थोडे, पण सारखे. झाडपाल्याचे औषध घेतच असाल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका, कारण काही औषधे एकमेकांशी भांडतात.

आणि भेटायला येणारे! बिस्किटाचा पुडा घेऊन यायचे, उशापाशी बसायचे आणि कुणाचा मामा याच आजाराने कसा गेला ते सांगायचे. वहिनीने शेवटी दादाला ओट्यावर बसवले आणि सांगितले, ज्याला यायचे त्याने वेचलेली लाकडे घेऊन यावे किंवा गुरांना पाणी दाखवून जावे. अर्धी गर्दी कमी झाली. जे आले ते उपयोगाचे होते.

तिच्या बगलेतल्या गाठी काढल्या, त्यामुळे डाव्या हाताला सूज येते. हे आयुष्यभर सांभाळायचे आहे. तुमच्याकडच्या बहिणींनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे, कारण वेचणीत बोंडाची वाळलेली टोके बोटांना रोज टोचतात. त्या बाजूच्या हातात मोजा घाला. खरचटले तर लगेच साबणाने धुवा. हात लाल, गरम झाला तर त्याच दिवशी डॉक्टर. हात बांधून बसवूनही ठेवायचा नाही, शिकवलेला व्यायाम रोज, आणि भार हळूहळू वाढवायचा. कापसाचे गाठोडे पहिल्या वर्षी दुसऱ्याने उचलावे. केमो चालू असताना फवारणीला किंवा फवारलेल्या रानात जाऊ नये. फवारणीने कॅन्सर होतो का, हा वाद आम्ही आज काढत नाही. पडलेल्या माणसाच्या अंगावर आणखी विष नको, एवढेच.

थकवा हा या आजारातला असा त्रास आहे की तो दिसत नाही. घरच्यांना वाटते, आळस आहे. किंवा उलट, बाईला अंथरुणावरून उठूच देत नाहीत. दोन्ही चूक. रोज थोडे चालल्याने थकवा कमी होतो, हे आता पक्के झाले आहे. वहिनी सकाळी तिला बरे वाटते तेव्हाचे एक काम निवडते आणि ते पूर्ण करते. लावणी केली नाही, पण रोपांच्या मुठी बांधायला बांधावर बसली. काय सोडायचे आणि काय धरायचे हे तिने ठरवले, आणि आमच्या मते यामुळेच ती वर्षभर माणसात राहिली.

यावर एक आक्षेप आम्हीच घेतो. रोग्यानेच स्वतःला सांभाळावे म्हटले की सरकारला हात झटकायला बरे. तसे होऊ द्यायचे नाही. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम आली त्यात रायगड होता, अमरावतीही होता. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने राज्यभर आहे. ऑपरेशन, केमो, शेक यांचे पैसे तीतून मिळतात, ते हक्काने घ्या. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग्याला स्लीपरचे तिकीट पूर्ण माफ आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत आहे, फॉर्म रुग्णालयात भरून मिळतो. एस.टी.ची सवलत आगारात विचारा. पण सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, मुंबईतले खाणे आणि गोठ्यातली विकलेली म्हैस कुठल्याच योजनेत बसत नाही. मराठीत छापलेला कागद आणि तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मॉर्फीनची गोळी, या दोन मागण्या तर पैशाच्याही नाहीत. त्या आम्ही बैठकीत ठराव म्हणून मांडणार आहोत.

केरळात १९९३ मध्ये कालिकतला काही डॉक्टरांनी दुखणे थांबवण्याचे काम सुरू केले. पुढे गावातली साधी माणसे, शिक्षक, रिक्षावाले, शेतकरी हे काम शिकले आणि आठवड्यातून घरोघर जाऊ लागले. आपल्या शाखांना मोर्चा काढता येतो, वर्गणी काढता येते, मग हे का येऊ नये? प्रत्येक तालुक्यात एकाने फॉर्म सांभाळावेत, एकाने आजाऱ्याची वही महिन्यातून एकदा पाहावी, आणि ज्यांनी हा आजार अंगावर काढला आहे त्यांनी नव्या आजाऱ्याच्या घरी जावे. ओळखीचा डॉक्टर शोधण्यापेक्षा ते सोपे आहे.

वहिनी पुढच्या जिल्हा बैठकीला यायला तयार झाली आहे. वही घेऊन येईल. तिला कोपऱ्यात घेऊन विचारू नका, सगळ्यांसमोर विचारा, ती सांगेल. आणि तिच्या डाव्या हातात लहानशी पिशवी असेल, ती मदत म्हणून हिसकावून घेऊ नका. तिला राग येतो.